बंगालावर

माझी आजी एक वाक्य नेहमी एकाच तऱ्हेने म्हणायची : "लढाईत हे बंगालावर होते." आम्ही मुले तेव्हा शाळेत विभक्तीचे प्रत्यय पाठ करत होतो. तिला सांगायचो, "आजी, बंगालावर नाही, बंगालात." ती मान डोलवायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा "बंगालावर"च म्हणायची. घरातली मोठी माणसे पाहुण्यांना सांगताना तो शब्द आपसूक नीट करून घेत. असे होता होता आजोबा दुसऱ्या महायुद्धात बंगालात होते, हे आमच्या घराण्यात पक्के होऊन बसले. बंगाल म्हटल्यावर १९४३चा दुष्काळ आला, कोलकाता आले, ब्रह्मदेशाची सरहद्द आली. काकांनी तर आजोबांना तिथल्या एका लष्करी कोठारावर नेमूनही टाकले होते.

आजोबा स्वतः लढाईविषयी बोलत नसत. आमचे गाव दापोली तालुक्यात, खाडीच्या काठी. नारळीपौर्णिमेला सगळा गाव समुद्राला नारळ सोडतो, तसा तेही सोडत. पण त्यांचा आणखी एक नारळ असे. दिवाळी सरली, भाऊबीज झाली, की एका सकाळी ते एकटेच खाडीच्या मुखापर्यंत चालत जात आणि नारळ सोडून येत. कोणी विचारले तर "बोललेला आहे" एवढेच उत्तर. नवस कोणाला बोललेला, कशासाठी, हे त्यांनी सांगितले नाही. ते गेल्यावर ती रीतही गेली.

आजी गेल्यानंतर तिची पत्र्याची पेटी माझ्याकडे आली. तिच्यात लुगड्याच्या घडीखाली तीन वस्तू होत्या : एक फोटो, लाल-निळ्या फितीचा पितळी तारा आणि तपकिरी रंगाचे एक मोठे नाणे. आजोबांचा शोध मी या तीन वस्तूंवरून घेतला.

फोटोत आजोबा विशीतले आहेत. अंगात खलाशाचा चौकोनी निळा गळपट्टा, डोक्यावर गोल टोपी. म्हणजे ते लष्करात नव्हते, नौदलात होते, एवढे पहिल्याच दिवशी समजले. काकांचे कोठार तिथेच संपले. टोपीच्या काळ्या फितीवर बोटीचे नाव असते, हे मी वाचले होते. भिंग घेऊन पाहिले, तर फितीवर चारच इंग्रजी अक्षरे : एच.एम.आय.एस. 'हिज मॅजेस्टीज इंडियन शिप' याचे ते लघुरूप. पुढे नाव नाही. युद्ध सुरू झाल्यावर शत्रूला सुगावा लागू नये म्हणून टोप्यांवरून बोटींची नावे काढून टाकली होती. बंदरातल्या चहाच्या दुकानात बसलेला खलाशी कोणत्या बोटीवरचा आहे, हे कोणालाही कळता कामा नये, हा त्यामागचा हेतू. तो हेतू इतका सफल झाला की पाऊण शतकानंतर नातीलाही ते कळेना.

मग तारा हातात घेतला. सहा टोकांचा हा '१९३९–४५ स्टार'. त्याच्या फितीवर तीन सारखे पट्टे असतात : गडद निळा आरमाराचा, तांबडा पायदळाचा, फिकट निळा हवाई दलाचा. ब्रिटनने आपल्या सैनिकांना हे तारे कोरे दिले. भारतीयांना मिळालेल्या ताऱ्यांच्या पाठीवर मात्र क्रमांक, हुद्दा आणि नाव उमटवलेले असे. ज्यांच्या घरात असा तारा आहे त्यांनी तो चिंचेने घासून लखलखीत करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आमच्याकडे दर दसऱ्याला तो घासला जाई. अक्षरे झिजली होती, तरी उन्हात तिरपा धरल्यावर क्रमांक वाचता आला आणि त्यापुढे नाव. त्या नावात आडनाव नव्हते. आजोबांचे नाव आणि त्यांच्या वडिलांचे नाव, एवढेच. इंग्रज कारकुनाने नाव विचारले असेल, कोकणातल्या पोराने आपले आणि बापाचे नाव सांगितले असेल आणि कारकुनाने बापाच्या नावालाच आडनाव समजून ओळ पुरी केली असेल. तोवर मी जिथे जिथे आमच्या आडनावाने शोधले होते, ते सगळे शोध यामुळेच वाया गेले होते. जुन्या नोंदींत माणूस शोधायचा, तर लिहिणाऱ्याला काय ऐकू आले असेल याचा आधी विचार करावा लागतो.

तिसरी वस्तू ते नाणे. एका बाजूला सहाव्या जॉर्जचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला उडी घेणारा कांगारू. लहानपणी आम्ही ते लगोरीच्या वेळी नाणेफेकीला वापरायचो : छाप म्हणजे राजा, काटा म्हणजे कांगारू. ऑस्ट्रेलियाची ही पेनी १९३८ पासून कांगारूसह निघू लागली. बंगालात असलेल्या माणसाकडे ती आली कुठून?

इथे घाई केली असती तर फसले असते. युद्धकाळात ऑस्ट्रेलियाला सुटी नाणी कमी पडू लागली, तेव्हा १९४२ आणि १९४३ मध्ये त्या देशाच्या पेन्या आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पाडल्या गेल्या. फोर्टातल्या टांकसाळीतून निघालेली एखादी पेनी मुंबईतच कोणाच्या तरी खिशात राहून जाणे अगदी शक्य होते. पण मुंबईत पाडलेल्या त्या नाण्यांवर राजाच्या मुखवट्याखाली 'आय' हे बारीक अक्षर असते. आमच्या नाण्यावर ते नाही, आणि साल आहे १९४१. ते नाणे ऑस्ट्रेलियातच पडले आणि कोणाच्या तरी हाताने समुद्र ओलांडून दापोलीला आले.

यानंतर मी भारतीय नौदलाच्या युद्धकाळातल्या बोटींची यादी काढून बसले. नद्यांची नावे होती : सतलज, जमुना, नर्बदा, गोदावरी. प्रांतांची होती. 'कोंकण' नावाचीही एक बोट होती आणि ती वाचून मन क्षणभर तिथेच घुटमळले. पुढे ऑस्ट्रेलियात बांधलेल्या चार सुरुंगशोधक बोटींची ओळ आली : बॉम्बे, मद्रास, पंजाब आणि बंगाल.

मी यादी खाली ठेवली. आजी व्याकरण चुकली नव्हती. आमच्या किनाऱ्यावर माणूस गावात असतो, मुंबईत असतो, पण बोटीवर असतो. आजोबांनी तिला बोटीचे नाव सांगितले होते आणि तिने ते प्रत्ययासकट जसेच्या तसे जपले होते. तिचे खरे आम्हीच पन्नास वर्षे खोडून काढत होतो.

ताऱ्यावरचा क्रमांक, आडनावाशिवायचे ते नाव आणि बोटीचे नाव असे सगळे जोडून मी सेवानोंदीसाठी अर्ज केला. पुष्कळ महिन्यांनी उतारा आला. मोजक्या ओळींचा : भरतीची तारीख, उंची, गाव, जिल्हा रत्नागिरी आणि ज्या ज्या ठिकाणी नेमणूक झाली त्यांची नावे. चौथ्या ओळीत 'बंगाल' होते. सुरुवातीची तारीख १९४२ची. म्हणजे त्या वर्षी नोव्हेंबरात 'बंगाल' ज्या लढाईत सापडली, तो प्रसंग घडला तेव्हा आजोबा बोटीवर होते.

तो प्रसंग सांगण्याआधी ही माणसे नौदलात आली कशी, ते सांगायला हवे. ईस्ट इंडिया कंपनीचे 'बॉम्बे मरीन' हे आरमार पश्चिम किनाऱ्यावर वाढले. कान्होजी आंग्र्यांशी त्याने याच पाण्यात झुंजी घेतल्या. मराठ्यांचे आरमार संपल्यावर समुद्र जाणणारी ती माणसे मात्र किनाऱ्यावर राहिली आणि पोटासाठी जुन्या शत्रूच्याच डेकवर चढली. नाव बदलत बदलत १९३४ मध्ये त्या दलाचे 'रॉयल इंडियन नेव्ही' झाले, तेव्हाही त्याचे खलाशी मोठ्या संख्येने रत्नागिरी जिल्ह्यातलेच होते. त्यांत कोकणी मुसलमान होते, मराठे होते, भंडारी होते. वडील नौदलात म्हणून मुलगा नौदलात, अशी घरे गावोगाव होती. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा या नौदलात सतराशेच्या आसपास खलाशी आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या बोटी होत्या. युद्ध संपेपर्यंत माणसांची संख्या तीस हजारांच्या घरात गेली. लागतील तितक्या बोटी इथे बांधता येत नव्हत्या, म्हणून ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या गोद्यांना काम दिले गेले आणि ताब्यात घ्यायला इथून खलाशी पाठवले गेले. आजोबा सिडनीला पोचले ते असे.

तो काळ ऑस्ट्रेलियालाही धास्तीचा होता. १९४२च्या ३१ मेच्या रात्री जपानच्या छोट्या पाणबुड्या थेट सिडनी बंदरात शिरल्या. त्या रात्री बंदरात नांगरलेल्या बोटींत 'बंगाल'ची बहीण 'बॉम्बे'ही होती. 'बंगाल' सिडनीच्या कॉकाटू गोदीत बांधली जात होती. ऑगस्ट १९४२ मध्ये ती सेवेत दाखल झाली. त्याच ऑगस्टात मुंबईत गवालिया टँकवर 'भारत छोडो'चा ठराव झाला, गांधीजींना अटक झाली, गावागावांतून भूमिगत चळवळ पेटली. देश इंग्रजांना निघून जा म्हणत होता आणि आजोबा हजारो मैलांवर इंग्रज राजाच्या निशाणाखाली तोफेचे तेलपाणी शिकत होते. ही गोष्ट झाकून पुढे जावे असे मला वाटत नाही. त्यांनी नोकरी पत्करली होती आणि घरी मनीऑर्डर यायची. त्या मनीऑर्डरीवर माझ्या पणजीने तीन मुली उजवल्या.

'बंगाल' लहान होती. लांबी १८६ फूट, वजन साडेसहाशे टनांच्या आसपास. समुद्रातले सुरुंग शोधून काढणे हे तिचे काम. तिच्यावर चार इंची तोफ बसायची होती, पण युद्धात तोफांची वानवा. तिला मिळाली ती एक जुन्या धाटणीची 'बारा पौंडी', म्हणजे सुमारे साडेपाच किलोंचा गोळा फेकणारी. गोळेही थोडेच होते. लेफ्टनंट कमांडर डब्ल्यू. जे. विल्सन हे तिचे कप्तान. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरातून दिएगो गार्सियाकडे निघाली. सोबत 'ओंडिना' हे डच तेलवाहू जहाज होते. त्यावर चार इंची एक तोफ आणि अवघे ३२ गोळे.

११ नोव्हेंबर १९४२. लक्ष्मीपूजन होऊन तीन दिवस झाले होते. भाऊबीज नुकतीच सरली होती. कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला, आसपास जमिनीचा ठिपका नसलेल्या हिंदी महासागरात, दुपारी बाराच्या सुमारास क्षितिजावर आधी एक आणि मग दुसरे जहाज दिसले. 'होकोकु मारू' आणि 'आयकोकु मारू'. मुळात ही उतारू आणि माल नेणारी जहाजे. जपानी आरमाराने त्यांच्यावर जड तोफा आणि पाणतीर चढवून त्यांना व्यापारी जहाजांच्या शिकारीसाठी सोडले होते. एकेक जहाज दहा हजार टनांहून मोठे, 'बंगाल'च्या पंधरापट. वेगातही ती दोन्ही तिच्या पुढची. त्या वर्षी त्यांनी या महासागरात काही जहाजे बुडवली होती, काही पकडून नेली होती.

विल्सन यांनी 'ओंडिना'ला निसटून जाण्याची खूण केली आणि 'बंगाल'चे तोंड सरळ 'होकोकु मारू'कडे वळवले. साडेसहाशे टनांची बोट दहा हजार टनांच्या जहाजाच्या अंगावर निघाली, एवढ्यासाठी की तेलवाहू जहाजाला पळायला थोडा वेळ मिळावा. पण 'ओंडिना'चे कप्तान विलेम होर्स्मन यांनी हिशेब केला की आपल्या वेगाने पळून सुटका नाही. तेही थांबले आणि त्यांच्या तोफचींनी मारा सुरू केला.

'बंगाल'वर बोलण्याइतकी उसंत कोणाला नसावी. गोळे खालून वर आणायचे, तोफेत भरायचे, कडी ओढायची, तापलेले रिकामे पितळ बाजूला लोटायचे. त्या साखळीत कोकणातली पोरे होती. घरून निघताना ज्यांनी होडीपेक्षा मोठे काही वल्हवले नव्हते, ती आता शत्रूच्या तोफांचे फवारे आपल्या दोन्ही बाजूंनी उडताना पाहत होती. 'बंगाल'ला गोळे लागले, तरी ती चालत राहिली. एवढ्यात 'होकोकु मारू'च्या पिछाडीला एक गोळा बसला. तिथे तिचे पाणतीर होते. आग भडकली, मग मोठा स्फोट झाला आणि त्यानंतर काही वेळातच ते भले थोरले जहाज समुद्रात गेले.

तो गोळा कोणाचा, यावर दोन्ही जहाजांनी आपला हक्क सांगितला. बहुतेक अभ्यासक तो मान 'ओंडिना'च्या तोफेला देतात, आणि चार इंची गोळ्याचा मार पाहता मलाही ते पटते. आजोबांच्या बोटीचे मोल त्याने कमी होत नाही. ती शत्रूवर चालून गेली नसती, तर दोन्ही जपानी जहाजांच्या तोफा एकट्या 'ओंडिना'वर रोखल्या गेल्या असत्या.

उरलेली 'आयकोकु मारू' मारा करतच होती. 'बंगाल'चा दारूगोळा संपत आला. विल्सन यांनी धुराचा पडदा सोडून बोट बाजूला काढली. मागे 'ओंडिना'चे गोळे संपले, कप्तान होर्स्मन मारले गेले, माणसे जीवरक्षक होड्यांत उतरली. 'आयकोकु मारू'ने जहाजावर पाणतीर सोडले आणि होड्यांतल्या निःशस्त्र माणसांवरही मशीनगन चालवली. मग आपल्या बुडालेल्या सोबतीणीची माणसे उचलून ती निघून गेली. 'ओंडिना' मात्र बुडाली नाही. होड्यांतली माणसे पुन्हा तिच्यावर चढली, त्यांनी आगी विझवल्या आणि भोके पडलेले ते जहाज आठवड्याभरात फ्रीमँटलला परत आणले. 'बंगाल' तिकडे दिएगो गार्सियाला पोचली, ती 'ओंडिना' गेली असेच मनाशी धरून.

विल्सन यांना डी.एस.ओ. हा सन्मान मिळाला आणि खलाशांपैकी काहींनाही पदके मिळाली. आजोबा त्यांत नव्हते. ते डेकवरच्या अनेकांपैकी एक होते.

मग हे सगळे गेले कुठे? पहिल्या महायुद्धात गावातून जितके लोक गेले त्यांचा आकडा कोरलेल्या संगमरवरी पाट्या कोकणात आणि साताऱ्याकडे कितीतरी गावांत आहेत. दुसऱ्या युद्धासाठी तशा पाट्या लागल्या नाहीत. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या 'तलवार' या तळावर खलाशांनी बंड केले आणि ते कराचीपर्यंतच्या बोटींवर आणि तळांवर पसरले. निकृष्ट जेवण, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, पगारातला भेद यांनी ते पेटले आणि पाहता पाहता स्वातंत्र्याचे बंड झाले. भारतीय नौसैनिकाची आठवण त्या बंडाने अभिमानाची केली, ते योग्यच होते. पण त्या उजेडात त्याआधीची साडेसहा वर्षे अंधारात गेली. स्वतंत्र देशाला ती राजाची लढाई वाटली आणि राजाचे इतिहासकार आपल्या मोठ्या बोटींची वर्णने लिहिण्यात गुंतले. या नौदलाचा सविस्तर इतिहास कॉलिन्स यांनी लिहिला आणि तो १९६४ मध्ये भारत-पाकिस्तानच्या संयुक्त मालिकेत निघाला. त्यात 'बंगाल'ची लढाई आहे. पण तो इंग्रजी ग्रंथ दापोलीच्या खाडीपर्यंत कसा येणार? आमच्या किनाऱ्याला १७ जुलै १९४७ रोजी रेवसला जाताना बुडालेली 'रामदास' बोट आठवते, कारण तिच्यात घरोघरची माणसे गेली. 'बंगाल'वरची माणसे परत आली, आणि परत आलेल्यांना कोणी काही विचारले नाही.

जे परतले नाहीत त्यांची एक जागा मुंबईत आहे. मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रावर गेलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या युद्धासाठी तिथे भिंतीऐवजी एक ग्रंथ आहे. नौदल आणि व्यापारी जहाजांवरच्या सुमारे साडेसहा हजार माणसांची नावे त्यात आहेत. तसाच दुसरा ग्रंथ आज बांगलादेशात, चितगावच्या युद्धस्मशानात ठेवला आहे. त्यांत बहुतेक भट्टीत कोळसा लोटणारे, इंजिनाला तेल घालणारे, भांडारी, सारंग, तांडेल. त्यांच्या हातात तोफ नव्हती. ज्यांच्या घरी "पणजोबा बोटीवर गेले ते आलेच नाहीत" एवढेच वाक्य उरले आहे, त्यांनी तिथून सुरुवात करावी. आडनावाने सापडले नाही तर बापाच्या नावाने शोधावे, तेही नाही जमले तर गावाच्या नावाने. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा शब्द आधी जसाच्या तसा लिहून ठेवावा, मग वाटल्यास त्याचा अर्थ लावावा.

उतारा आला त्या रात्री मी पंचांग काढून १९४२ची दिवाळी पाहिली, तेव्हा आजोबांचा दुसरा नारळ मला कळला. नवस बोलायला समुद्रावर दुसरे कोण होते? भाऊबीज सरलेल्या त्या दुपारी, गोळे हातांवरून हातांवर जात असताना, त्यांनी समुद्रालाच शब्द दिला असेल, आणि वाचल्यावर जन्मभर पाळला.

गेल्या वर्षी भाऊबीजेनंतर मी नारळ घेऊन खाडीच्या मुखाशी गेले. बाबा आता ऐंशीच्या पुढचे, तरी काठी टेकत बरोबर आले. ओहोटी लागली होती. नारळ वाहत आडव्या लाटेपर्यंत गेला, वर उचलला गेला आणि पलीकडे उतरला. वाटेत गावातले एक गृहस्थ भेटले. त्यांनी विचारले, आज कसला नारळ? बाबा म्हणाले, "आमचे वडील लढाईत बंगालावर होते."

मी त्यांच्याकडे पाहिले. जन्मभर ते "बंगालात" म्हणत आले होते.